रिबेका

रिबेका : इंग्रज कादंबरीकर्त्री डॅफ्नी द्यू मॉरिए (१३ मे १९०७–१९ एप्रिल १९८९) हिची सर्वाधिक गाजलेली कादंबरी. लंडनच्या व्हिक्टर गोलांझ या प्रकाशनसंस्थेने ती ऑगस्ट १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत तिची आवृत्ती निघाली आणि तेथील ग्रंथविक्रेत्यांनी वर्षातील आवडती कादंबरी म्हणून तिला राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार दिला. १९६५ पर्यंत तिच्या सुमारे २८ लाख प्रती खपल्या होत्या. प्रसिद्धीपासून आजतागायत ती बाजारात दुर्मिळ अशी कधी झालेली नाही. प्रकाशकाने ती प्रणयकथा म्हणून वाचकांपुढे ठेवली व वाचकांनीही तशीच ती स्वीकारली. लेखिकेच्या मते मात्र ती मत्सराचे चित्रण करणारी कादंबरी होती. या दोन दृष्टींमधील विसंगतीचा परिणाम कादंबरीच्या मूल्यमापनावर तर झालाच, पण लेखिकेच्या पुढील सर्व लेखनाकडे पाहण्याच्या समीक्षकांच्या वृत्तीवरही झाला.

द्यू मॉरिए घराणे मूळचे फ्रेंच. आजोबा जॉर्ज द्यू मॉरिए हे पंच या विनोदी साप्ताहिकाचे नामांकित चित्रकार व ट्रिल्बी (१८९४) या अत्यंत लोकप्रिय कादंबरीचे कर्ते. वडील सर जेरल्ड हे लंडनच्या रंगभूमीवरील अग्रगण्य नट व नाट्यव्यवस्थापक. आई म्युरिएल बोमाँट हीदेखील अभिनेत्री होती. तीन बहिणींपैकी डॅफ्नी मधली. तिचे शिक्षण बव्हंशी घरीच, शिक्षिकेच्या देखरेखीखाली झाले व नंतर काही काळ ती पॅरिसजवळील एका शाळेत होती. लंडनमधील नाटकी वर्दळीचा तिला लवकरच कंटाळा आला. १९२६ मध्ये कुटुंबाने कॉर्नवॉल परगण्यात, फोई नदीच्या मुखाशी, बॉडिनिक येथे एक घर घेतले आणि डॅफ्नीच्या आयुष्याची दिशा ठरली. होड्या, खाड्या, धुके व ओसाड माळ यांचा हा प्रदेश पुढे तिच्या बहुतेक महत्त्वाच्या लेखनाची भूमी झाला.

द लव्हिंग स्पिरिट (१९३१) ही तिची पहिली कादंबरी फोईजवळच्या एका नौका बांधणाऱ्या घराण्याच्या चार पिढ्यांची कथा आहे. ती वाचून प्रभावित झालेला फ्रेडरिक ब्राउनिंग हा तरुण सेनाधिकारी आपल्या होडीतून फोईला आला. ओळख झाली आणि जुलै १९३२ मध्ये दोघांचा विवाह झाला. आय विल नेव्हर बी यंग अगेन (१९३२) व द प्रोग्रेस ऑफ ज्यूलिअस (१९३३) या पुढील दोन कादंबऱ्यांना फारसे यश लाभले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर लगेच लिहिलेल्या जेरल्ड : अ पोर्ट्रेट (१९३४) या चरित्राने मात्र वाचकांचे लक्ष वेधले. पित्याविषयी मुलीने इतक्या मोकळेपणाने, त्याच्या मनाच्या दुबळेपणासकट लिहावे हे त्या काळी अनेकांना धक्कादायक वाटले. या ग्रंथापासून गोलांझ हे तिचे प्रकाशक झाले. त्यानंतरची जमेका इन (१९३६) ही चाचे व तस्कर यांच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी चांगली खपली.

रिबेकाची सुरुवात इंग्लंडपासून दूर, ईजिप्तमध्ये झाली. ब्राउनिंगची नेमणूक ॲलेक्झांड्रिया येथील पलटणीवर होती. अधिकाऱ्याच्या पत्नीने करावयाची आतिथ्ये व समारंभ डॅफ्नीला जड जात. स्वभावाने ती कमालीची संकोची होती. उन्हाळा असह्य होता आणि कॉर्नवॉलची आठवण सतत येत होती. १९३७ च्या उन्हाळ्यात तिने कादंबरी लिहावयास घेतली, पण प्रारंभीचा बराच मजकूर न पटल्याने फाडून टाकला. त्या वर्षाच्या अखेरीस ती स्वदेशी परतली आणि १९३८ च्या वसंतात हँपशरमधील घरी तिने लेखन पूर्ण केले. कथाबीज तिच्या संसारातूनच आले होते. ब्राउनिंगचा पूर्वी एका देखण्या तरुणीशी वाङ्‌निश्चय होऊन तो मोडला होता. तिची जुनी पत्रे डॅफ्नीच्या हाती पडली व आपला पती अजून तिलाच आठवत असेल काय, या शंकेने तिला ग्रासले. नव्या घरात अवघडून वावरणारी नवी पत्नी आणि सर्व कर्तव्यांत निपुण असलेली, पण दृष्टीस कधीच न पडणारी आधीची स्त्री ही जोडी येथून निर्माण झाली.

कादंबरीतील मँडर्ली हा वाडाही असाच दोन आठवणींतून घडला आहे. फोईजवळ दाट झाडीत दडलेले मेनाबिली हे रॅश्ली घराण्याचे रिकामे, वेलींनी वेढलेले जुने घर डॅफ्नीने विशीच्या सुमारास शोधून काढले होते व परवानगीने, कधी परवानगीविना, ती तेथे हिंडत असे. मँडर्लीचा वनातून जाणारा लांब रस्ता, एकान्त व समुद्रसान्निध्य मेनाबिलीचे आहे. तेथील भव्य दालने, नोकरांचा राबता व दिनक्रमाची शिस्त मात्र पीटरबरोजवळील मिल्टन या मोठ्या वाड्याची आहे. बालपणी पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने तो पाहिला होता.

कादंबरीचे कथानक सत्तावीस प्रकरणांत उलगडते. एका श्रीमंत, उथळ अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटी कार्लोला आलेली निवेदिका ही पोरकी, लाजाळू मुलगी आहे. तेथे तिला मॅक्सिम द विंटर हा तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठा विधुर जमीनदार भेटतो व थोड्याच दिवसांत मागणी घालतो. मँडर्लीला आल्यावर तिला कळून चुकते की, नौकाविहारात बुडून मेलेली पहिली पत्नी रिबेका हीच अजून त्या घराची मालकीण आहे. तिच्या आद्याक्षरांचे रुमाल, तिने लावलेली फुले, तिने ठरवून दिलेले भोजनाचे पदार्थ आणि पश्चिमेकडील दालनात जशीच्या तशी मांडून ठेवलेली तिची शय्या यांचे रक्षण मिसेस डॅन्व्हर्स ही घरव्यवस्थापिका करीत असते. डॅन्व्हर्सच्याच सूचनेवरून निवेदिका वेषभूषेच्या मेजवानीत एका पूर्वज स्त्रीच्या चित्रातील पोशाख करते. नेमका तोच पोशाख रिबेकाने पूर्वी केला होता, हे मॅक्सिमच्या संतापानंतर तिला समजते. दुसऱ्या दिवशी एक जहाज खडकावर चढते, पाणबुड्याला रिबेकाची बुडालेली नौका सापडते व तीत तिचा देह असतो. मॅक्सिम कबुली देतो : रिबेकावर त्याचे कधीच प्रेम नव्हते; ती व्यभिचारिणी व क्रूर होती; परपुरुषापासून झालेले मूल मँडर्लीचा वारस म्हणून वाढेल असे तिने हिणवताच त्याने तिला गोळी घातली. चौकशीत आत्महत्येचा निर्णय होतो. रिबेकाचा चुलतभाऊ व प्रियकर फॅव्हेल हा पैशासाठी मॅक्सिमला धमकावतो, परंतु लंडनच्या डॉक्टरकडून उलगडा होतो, की तिला असाध्य कर्करोग झालेला होता व मूल होणे तर शक्यच नव्हते. रात्रभर मोटार हाकीत दोघे परत येतात, तेव्हा मँडर्ली जळत असते.

या कथेचा आराखडा शार्लट ब्राँटीच्या जेन एअर (१८४७) या कादंबरीशी जुळतो, हे प्रथमपासून वाचकांच्या ध्यानात आले. गरीब व एकाकी तरुणी, वयाने मोठा व मनात काही दडवून ठेवणारा धनी, भव्य वाडा, पहिली पत्नी आणि शेवटी आग ही सामग्री दोहोंत समान आहे. फरक आहे तो नैतिक वळणात. जेनला धन्याचे रहस्य कळताच ती घर सोडते व मनाने स्वतंत्र होऊनच परतते. रिबेकामधील निवेदिकेला पती खुनी असल्याचे कळते, त्या क्षणी तिच्या मनात भीती वा घृणा न येता सुटकेचा आनंद उमटतो : त्याचे रिबेकावर प्रेम नव्हते, एवढेच तिला पुरेसे होते. तेथून ती सत्य लपविण्यात त्याची साथीदार होते आणि तिचा भित्रेपणा एका दिवसात ओसरतो. वाचकही तिच्यासोबत ओढला जातो. डॉक्टरच्या दारात उभा असताना मॅक्सिम सुटावा असेच त्याला वाटत राहते. लोकप्रिय कादंबरीच्या चौकटीत द्यू मॉरिएने साधलेली ही सर्वांत धाडसी गोष्ट होय. आपण कोणाची बाजू घेतली आहे, याचा विचार बहुतेकांना पुस्तक मिटल्यानंतर सुचतो. काहींना तेव्हाही सुचत नाही.

निवेदिकेला अखेरपर्यंत नाव नाही. तिचे नाव सुंदर व विरळा आहे असा उल्लेख येतो, पण ते उच्चारले जात नाही. आपल्याला योग्य नाव सुचले नाही व पुढे नावाविना निभावणे हे लेखनकौशल्याचे आव्हान वाटू लागले, असे लेखिकेने सांगितले आहे. परिणाम मात्र योजनापूर्वक केल्यासारखा झाला आहे. मेलेल्या स्त्रीचे नाव ग्रंथाला मिळाले आणि जिवंत स्त्री केवळ ‘मिसेस द विंटर’ राहिली. तेही नाव दुसरीचे. हकीकत निवेदिकेच्याच तोंडून येत असल्याने रिबेकाविषयी जे कळते ते इतरांच्या साक्षीतून : डॅन्व्हर्सच्या भक्तीतून, नोकरांच्या व शेजाऱ्यांच्या स्तुतीतून आणि शेवटी तिला मारणाऱ्या पतीच्या जबानीतून. तिची स्वतःची बाजू मांडणारे कोणीच नाही. कथेतील काळाची मांडणीही अशीच अर्थपूर्ण आहे. प्रारंभीच वाचकाला पतिपत्नी परदेशातील हॉटेलांत, निर्वासितांसारखे, जुन्या आठवणी टाळीत जगताना दिसतात. लेखिकेच्या मूळ टिपणवहीत हा भाग उपसंहार म्हणून शेवटी होता, नायकाचे नाव हेन्री होते आणि शेवट आगीऐवजी मोटार अपघाताने होत होता. उपसंहार आरंभी आणल्याने सुखान्ताची आशा पहिल्याच प्रकरणात खुंटते. ज्या प्रेमकथेची अखेर इतकी निस्तेज आहे तिला सरळ प्रणयकथा म्हणणे कठीण आहे.

तथापि प्रकाशकाचा हिशेब निराळा होता. हस्तलिखित पाठविताना शेवट फार थोडक्यात व उदास झाला आहे, अशी शंका लेखिकेने व्यक्त केली होती. गोलांझ यांनी मात्र उत्कट प्रेमकहाणी अशी तिची जाहिरात केली व महिन्याभरात ग्रंथ सर्वत्र पोहोचला. युद्ध उंबरठ्यावर आले असता जुन्या जमीनदारी वाड्याचे, चहाच्या चांदीच्या भांड्यांचे व गुलमेंदीसारख्या दाट फुललेल्या बागांचे वर्णन वाचकांना मोहविणारे ठरले. समीक्षकांनी तिचे कथनकौशल्य मान्य केले, परंतु अनेकांना ती चतुर पण क्षणजीवी कृती वाटली. ‘प्रणयकथालेखिका’ हे बिरुद त्यानंतर द्यू मॉरिएला कायमचे चिकटले आणि आयुष्यभर तिने त्याविषयी नाराजी व्यक्त केली.

आल्फ्रेड हिचकॉकने १९४० मध्ये काढलेल्या चित्रपटाने कादंबरीची कीर्ती जगभर नेली. लॉरेन्स ऑलिव्हिए, जोन फाँटेन व ज्यूडिथ अँडरसन यांच्या त्यात भूमिका होत्या आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला लाभले. निर्माता डेव्हिड सेल्झनिक मूळ कथेशी इमान राखण्याविषयी आग्रही होता. एका बाबतीत मात्र त्याचा निरुपाय झाला. अमेरिकन चित्रपटांच्या तत्कालीन नियमावलीनुसार पत्नीचा खून करणाऱ्या पुरुषाला शिक्षेवाचून सोडता येत नव्हते. म्हणून पडद्यावर रिबेका पडून अपघाताने मरते आणि मॅक्सिम केवळ प्रेत लपविण्याचा दोषी ठरतो. या एका बदलाने कथेतील डंख निघून गेला, आणि चित्रपटावरूनच कादंबरीची कल्पना करणाऱ्यांच्या मनात ती निर्धास्त प्रेमकथा म्हणून रुजली. लेखिकेने स्वतः केलेले नाट्यरूपांतर त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या क्वीन्स थिएटरमध्ये रंगमंचावर आले. सप्टेंबरमधील बाँबहल्ल्यात त्या नाट्यगृहाची हानी होऊन प्रयोग थांबले. युद्धकाळात कैरोतील जर्मन हेरांनी सांकेतिक संदेशांचा आधारग्रंथ म्हणून याच कादंबरीच्या प्रती वापरल्या होत्या, ही तिच्या प्रसाराची एक अनपेक्षित साक्ष म्हणावी लागेल.

यशाबरोबर आरोपही आले. ब्राझीलमधील लेखिका कारोलिना नाबुको हिच्या आ सुसेसोरा (१९३४) या कादंबरीशी रिबेकाचे साम्य असल्याचे तेथील समीक्षकांनी दाखविले. त्यातही श्रीमंत विधुराशी विवाह झालेली तरुणी पहिल्या पत्नीच्या स्मृतीने व्यथित होते. हा वाद न्यायालयात गेला नाही. अमेरिकन लेखिका एडविना मॅक्डॉनल्ड हिच्या ब्लाइंड विंडोज या कादंबरीवरून झालेला दावा मात्र बरीच वर्षे चालला. त्यासाठी १९४७ मध्ये द्यू मॉरिएला न्यूयॉर्कला जाऊन साक्ष द्यावी लागली व आपली टिपणवही पुरावा म्हणून सादर करावी लागली. १९४८ मध्ये दावा फेटाळण्यात आला. ज्या मत्सराची खाजगी कहाणी तिने कथेत दडविली होती, तिच्याविषयी भर न्यायालयात उलटतपासणी होईल या भीतीने ती खचून गेली होती. ही वही पुढे द रिबेका नोटबुक अँड अदर मेमरीज या नावाने १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाली.

कादंबरीच्या उत्पन्नातून तिने आपले जुने स्वप्न पुरे केले. १९४३ मध्ये तिने मेनाबिली भाडेपट्ट्याने घेतले, स्वखर्चाने त्याची दुरुस्ती केली आणि तीन मुलांसह ती तेथे सु. २६ वर्षे राहिली. घराची मालकी रॅश्ली घराण्याकडेच होती; पट्टा संपल्यावर १९६९ मध्ये तिला ते सोडून जवळच्या किल्मार्थ या घरी जावे लागले. जे घर आपले नाही त्याच्यावर जीव जडणे ही रिबेकातील व्यथा तिच्या वाट्याला प्रत्यक्षात आली. ब्राउनिंग महायुद्धात हवाई सैन्याचा सेनापती होता आणि नंतर राजघराण्याच्या सेवेत लंडनला असे. विवाह टिकला, पण दोघांचे जीवन बरेचसे वेगळे चालले. १९६५ मध्ये ब्राउनिंगचे निधन झाले.

रिबेकानंतरच्या फ्रेंचमन्स क्रीक (१९४१), हंग्री हिल (१९४३) व द किंग्ज जनरल (१९४६) या ऐतिहासिक पार्श्वभूमीच्या कादंबऱ्यांपैकी पहिलीलाच खऱ्या अर्थाने प्रणयकथा म्हणता येईल. माय कझिन रेचल (१९५१) ही तिची रिबेकाशी तुल्यबळ, किंबहुना रचनेच्या दृष्टीने अधिक निर्दोष अशी कृती. येथे मत्सर पुरुषाचा आहे. रेचलने आपल्या पालनकर्त्या भावाला विष दिले की नाही हे तरुण निवेदकाला कळत नाही आणि लेखिका वाचकालाही कळू देत नाही. पुरुषाच्या मुखातून कथा सांगणे तिला विशेष मानवत असे. द स्केपगोट (१९५७), द फ्लाइट ऑफ द फाल्कन (१९६५) व द हाउस ऑन द स्ट्रँड (१९६९) या कादंबऱ्यांचे निवेदकही पुरुषच आहेत. शेवटच्या कादंबरीत एका औषधाच्या अमलाखाली चौदाव्या शतकातील कॉर्नवॉलमध्ये वावरणाऱ्या माणसाची कथा आहे. ज्याला वर्तमान नकोसे झाले आहे त्याचे इतके समंजस चित्रण तिने अन्यत्र केलेले नाही. रूल ब्रिटानिया (१९७२) ही तिची अखेरची कादंबरी मात्र दुबळी उतरली.

प्रणयकथेच्या बिरुदाने सर्वाधिक अन्याय केला तो तिच्या लघुकथांवर. १९५२ च्या संग्रहातील ‘द बर्ड्‌झ’ या कथेत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील एक शेतमजूर पक्ष्यांच्या अकारण हल्ल्यापासून आपले कुटुंब वाचवू पाहतो. युद्धातील बाँबहल्ल्यांची आठवण तीत प्रत्येक वाक्यामागे आहे. हिचकॉकने १९६३ मध्ये ती कॅलिफोर्नियात नेऊन चित्रपट केला, तेव्हा ही पार्श्वभूमी नाहीशी झाली. व्हेनिसमध्ये घडणाऱ्या ‘डोंट लुक नाउ’ (१९७१) या कथेवरील निकोलस रोगचा चित्रपट (१९७३) लेखिकेला स्वतःला आवडला होता. चरित्रे व इतिहासही तिने लिहिले. शार्लट ब्राँटीचा दुर्दैवी भाऊ ब्रॅनवेल याचे चरित्र (१९६०) आणि व्हॅनिशिंग कॉर्नवॉल (१९६७) हे त्यांतील उल्लेखनीय ग्रंथ. १९६९ मध्ये तिला ‘डेम’ हा किताब देण्यात आला.

दरम्यान रिबेकाच्या साच्यावर एक नवा धंदाच उभा राहिला. १९६० मध्ये व्हिक्टोरिया होल्ट या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली मिस्ट्रेस ऑफ मेलिन ही कॉर्नवॉलमधीलच वाड्याची कथा अमेरिकेत अतोनात खपली आणि पुढील दशकभर तेथील स्वस्त कागदी बांधणीच्या प्रकाशकांनी ‘गॉथिक प्रणयकथां’चा पूर लोटला. रात्रीच्या अंधारात एकच खिडकी उजळलेला वाडा आणि त्यापासून पळणारी तरुणी हे त्यांचे ठरीव मुखपृष्ठ होते. या कथांत नायकावरील संशय शेवटी खोटा ठरतो. रिबेकात तो खरा ठरतो, हा मूलभूत भेद अनुकरण करणाऱ्यांनी वगळला. मूळ कृतीची प्रतिष्ठा मात्र त्यांच्यामुळे आणखी खालावली.

पुनर्मूल्यमापन लेखिकेच्या मृत्यूनंतर झाले. मार्गारेट फॉर्स्टरच्या चरित्राने (१९९३) तिच्या मनातील द्वंद्वे, स्त्रियांविषयीचे आकर्षण व लेखनासाठी राखलेले दुसरे, पुरुषी व्यक्तिमत्त्व यांवर प्रकाश टाकला. स्त्रीवादी समीक्षकांनी रिबेकाचे पात्र नव्याने तपासले : स्वैर, नौका हाकणारी, पतीच्या आज्ञेत न राहणारी ही स्त्री निवेदिकेला जितकी नकोशी तितकीच हवीशी वाटते, आणि डॅन्व्हर्सची भक्तीही केवळ दुष्टपणा म्हणून सोडून देता येत नाही. सूझन हिलची मिसेस द विंटर (१९९३) व सॅली बोमनची रिबेकाज टेल (२००१) या पुढील कथा सांगणाऱ्या कादंबऱ्यांपैकी दुसरीत मृत रिबेकालाही बोलण्याची संधी मिळाली आहे. व्हिएन्नातील संगीतिका (२००६) व बेन व्हीटली याचा चित्रपट (२०२०) ही अलीकडील रूपांतरे. भारतात या कथेवर बीरेन नाग यांनी दिग्दर्शित केलेला व हेमंतकुमार यांनी निर्मिलेला कोहरा (१९६४) हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात वहीदा रहमान व विश्वजीत यांच्या प्रमुख भूमिका असून मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी योजलेली दाईमाँ ललिता पवार (१९१६–९८) या मराठी अभिनेत्रीने उभी केली होती.